कंदील कोणाच्या हाती?

इंग्रजी कादंबऱ्यांत आणि समीक्षेत अधूनमधून एक लांबलचक शब्द भेटतो : फँटॅझमगोरिया. तापात किंवा अर्धवट झोपेत डोळ्यांपुढून चित्रे सरकत जावीत, एक नीट दिसण्याआधीच त्याचे दुसरे व्हावे, चेहऱ्याचा घोडा आणि घोड्याचा ढग व्हावा, अशा दृश्यांच्या गर्दीला हा शब्द लावतात. मराठीत आणताना अनुवादक 'भ्रमचित्रे', 'आभासमालिका' असे काहीतरी लिहून पुढे जातात. अर्थ कळतो, वाक्य अडत नाही. पण या भाषांतरात एक माणूस आणि त्याच्या हातातला दिवा गळून पडतो. कारण हा शब्द जन्माला आला तेव्हा ते मनाच्या अवस्थेचे नाव नव्हते. तिकीट लावून, दार बंद करून दाखवल्या जाणाऱ्या एका खेळाचे ते नाव होते. आणि मौज अशी की, त्याच जातीच्या खेळाला एका मराठी माणसाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी स्वतःचे नाव दिले होते. त्या नावात दिवाही होता आणि दिवा धरणाराही.

आधी परदेशातली हकिगत सांगतो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या ऐन धुमाळीत, १७९२-९३ मध्ये, फिलिडोर नावाच्या एका खेळ करणाऱ्याने पॅरिसमध्ये 'फँटॅझमगोरी' या नावाने भुते दाखवायला सुरुवात केली. १७९८ मध्ये तोच खेळ एतिएन-गास्पार रोबेर या माणसाने हाती घेतला. हा मूळचा लिएजचा. ते शहर आज बेल्जियममध्ये आहे. रंगमंचासाठी त्याने 'रॉबर्टसन' हे नाव घेतले होते. पुढच्याच वर्षी त्याने आपले बस्तान कापुचिन पंथाच्या एका ओसाड मठात हलवले. भुतांना याहून सोयीची जागा कोणती?

खेळाची युक्ती साधी आणि फार हुशारीची होती. काचेवर रंगवलेले चित्र दिव्याच्या उजेडाने भिंतीवर पाडणारा जादूचा कंदील युरोपात तोवर जुना झाला होता. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने तो १६५९ च्या सुमारास तयार केला होता. जुन्या खेळात कंदील प्रेक्षकांमध्येच ठेवलेला असे, सगळ्यांना दिसे. रॉबर्टसनने तो पडद्यामागे नेला. त्याला चाके लावली. कंदील मागे ओढला की पडद्यावरची आकृती मोठी होई, आणि काळोखात बसलेल्याला वाटे की ती आपल्या अंगावर धावून येते आहे. काचेवर आकृतीभोवतीची सगळी जागा काळी रंगवलेली असे. त्यामुळे चौकट दिसत नसे, आकृती हवेत तरंगे. कधी धुरावर चित्र पाडायचे, म्हणजे ते हलते. बसलेल्यांत गिलोटिनखाली आप्त गमावलेले लोक असत, आणि पुढ्यात मारा, रोबेस्पिएर यांच्यासारख्या क्रांतीतल्या मृतांच्या आकृत्या उभ्या राहत. लोक किंचाळत, कोणी तलवार उपसत. फिलिडोर मात्र प्रेक्षकांना आधीच बजावत असे की मी मांत्रिक नाही, भुते नसतातच, मी दाखवतो ती युक्ती आहे. हे ऐकूनही लोक घाबरत. युक्ती आहे हे ठाऊक असणे आणि कंदील डोळ्यांनी दिसणे, या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे!

आता शब्दाची फोड. पहिला भाग ग्रीक 'फांतास्मा', म्हणजे दिसलेली आकृती, पिशाच्च. दुसऱ्या भागाविषयी एकमत नाही. कोणी तो 'अगोरा', म्हणजे सभा किंवा बाजार, या शब्दाशी जोडतात, कोणी चारचौघांत बोलणे या अर्थाच्या क्रियापदाशी. भुतांची सभा म्हणा, नाहीतर भुतांशी संभाषण म्हणा. खरी गंमत पहिल्या भागात आहे. 'फांतास्मा' ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ दिसणे, प्रकाशणे. आणि तो ग्रीक धातू व आपला संस्कृत 'भा' हे एकाच मुळाचे आहेत. म्हणजे भास, आभास, प्रभा, भानू ही सगळी त्या परदेशी भुताची भावंडे. 'आभासमालिका' लिहिणारा अनुवादक नकळत घरातच पोचलेला असतो, फक्त अर्ध्या घरात.

ही असली नाती ज्यांच्या कानाला आधी ऐकू येत ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्याच्या अखेरीस धुळ्यात होते, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले. त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने त्यांचे कागद जपले. त्यांचे धातुकोश आणि व्युत्पत्तिकोश पुढे छापले गेले. राजवाड्यांच्या सगळ्याच व्युत्पत्ती आज कोणी मान्य करणार नाही. पण शब्द हा एखाद्या जुन्या दस्तऐवजासारखा वाचायचा, त्यात कोणाची सही आहे, कोणाचा शिक्का आहे ते पाहायचे, ही त्यांची रीत मला आजही पटते. फँटॅझमगोरियावर सही कंदीलवाल्याची होती. ती पुसली कशी गेली?

हळूहळू. खेळ १८०१ मध्ये लंडनला गेला, शब्दही गेला. कवींनी तो उचलला, मग कादंबरीकारांनी. पुढे 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडात (१८६७) मार्क्सने तो एका मोक्याच्या जागी वापरला. माणसामाणसांमधले संबंध बाजारात वस्तूंमधल्या संबंधांचे रूप घेतात, आणि त्या रूपाला त्याने जर्मनमध्ये 'फँटॅझमगोरिक' म्हटले. मनात पडदा आणि त्यामागचा कंदील धरूनच त्याने हे लिहिले असावे, असे मला वाटते. १८८७ च्या इंग्रजी भाषांतरात त्या जागी नुसते 'फँटॅस्टिक' आले. अद्भुत, विलक्षण! पडदा गेला, कंदील गेला, उरले ते एक उद्गारवाचक विशेषण. भाषांतरात शब्द गळतो तेव्हा एवढेच होत नाही की सौंदर्य कमी झाले. कधीकधी आरोपीच पसार होतो.

आता कल्याणला येऊ. तिथे महादेव गोपाळ पटवर्धन या गृहस्थांनी १८९२ च्या सुमारास जादूच्या कंदिलाचे जाहीर खेळ सुरू केले. पुढे त्यांची मुलेही त्यात उतरली. काचांवर पौराणिक कथांतले प्रसंग हाताने रंगवायचे, एकाच प्रसंगाच्या अनेक काचा करायच्या, त्या अशा बदलायच्या की पात्र हात उचलते आहे, वळते आहे असे वाटावे. सोबत निवेदन आणि गाणे. लूमिए बंधूंची चलच्चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवली गेली, त्याच्या आधीची ही गोष्ट. आणि पटवर्धनांनी या खेळाला नाव दिले : शांबरिक खरोलिका.

आज हे नाव ऐकले की लोकांना हसू येते. उच्चारताना दात हलावेत असे ते आहे खरे. पण त्याचा कस पाहण्यासारखा आहे. खरोलिका म्हणजे कंदील. आणि 'शांबरिक' हा शब्द शंबर या असुरावरून आला आहे. ऋग्वेदात इंद्राने मारलेला शंबर आहे. पुराणांत प्रद्युम्नाला पळवून नेणारा आणि अखेर त्याच्याच हातून मरणारा शंबर आहे. मायाविद्येतला तो आद्य उस्ताद. म्हणून अमरकोशात 'शांबरी' हा मायेचा पर्याय आहे, आणि शांबरी करणारा तो शांबरिक, म्हणजे जादूगार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौदाव्या अधिकरणात लोकांना गाढ झोपवण्याचे मंत्र दिले आहेत. तिथे बळीबरोबर शंभर माया जाणणाऱ्या शंबरालाही वंदन केलेले आहे. झोप आणि माया यांची गाठ तिथे अशी सहज पडलेली दिसते. (आपले 'शाबरी मंत्र' मात्र शबर या वन्य जमातीच्या नावावरून आले असे जाणकार मानतात. कानाला भाऊ वाटणारे सगळेच भाऊ नसतात.)

याहून मासलेवाईक दाखला हर्षाच्या 'रत्नावली' नाटिकेत आहे. सातव्या शतकातले हे नाटक. चौथ्या अंकात उज्जयिनीचा एक जादूगार वत्सराज उदयनाच्या दरबारात येतो आणि खेळाआधी इंद्र व शंबर या दोघांना नमन करायला सांगतो. म्हणजे इंद्रजालाचा देवही आणि त्याने मारलेला असुरही, दोघेही एकाच धंद्याचे कुलदैवत! तो आकाशात देवदेवता दाखवतो. मग अंतःपुराला आग लागते. राजा धावत आत शिरतो, कैदेत घातलेल्या नायिकेला बाहेर काढतो, आणि पाहतो तो आग नाहीच. ती जादूगाराची होती. पण नाटककार इथे थांबत नाही. जादूगाराला पाठवणारा राजाचा मंत्री यौगंधरायण होता, हेही तो अखेर सांगून टाकतो. आगीमागे जादूगार, जादूगारामागे मंत्री. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचा प्रेक्षक घरी जाताना कोणी काय केले ते जाणून जात होता.

पटवर्धनांचा शब्द टिकला नाही. त्याचे कारण नुसता उच्चार नव्हे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, आणि काचेवरच्या रामाला चालता राम मिळाल्यावर कंदिलाचे दिवस भरले. तरी त्र्यंबकेश्वरचे फाळकेही याच गोत्रातले. ते जादूचे प्रयोग करत, आणि आपले आडनाव उलटे फिरवून 'प्रोफेसर केळफा' म्हणवून घेत. आपल्याकडचा पहिला कथापट काढणारा माणूस मुळात शांबरिक होता, हे सिनेमाच्या इतिहासात तळटीप म्हणून येते. ते पहिल्या ओळीत यायला हरकत नाही.

आणि बोलीतले लोक तर संस्कृत शब्दाची वाट पाहत बसले नव्हते. त्यांच्यापाशी 'गारूड' होते, 'नजरबंदी' होती. नजरबंदीत पूर्वी पाहणाऱ्याची नजर बांधली जात असे. आज या शब्दाचा अर्थ पोलिसांनी माणसाला घरात अडकवणे असा झाला आहे. बांधणारा आणि बांधला जाणारा यांची अदलाबदल झाली. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, बोरी नदीच्या कोरड्या पात्रात. तिथे आमच्या लहानपणी पितळी नक्षीची चित्रांची पेटी येत असे. गोल काचांना डोळा लावून आम्ही पोरे वाळूत गुडघे टेकायचो, आणि आत ताजमहाल, कुतुबमिनार, राम-रावण, कोणी गोरी बाई असे एकामागून एक सरकायचे. पेटीवाला गात असे. त्याचा एक हात मुठीवर आणि दुसरा पैसे घ्यायला पुढे. काचेवरून डोळा काढला की तो माणूस जसाच्या तसा समोर उभा. लहानपणी मोठी शांती वाटायची त्याची.

त्याच अमळनेरात, यात्रेच्या वाळवंटापासून फार दूर नाही, मायेचा विचार करायला एक संस्थाच उभी आहे. गिरणीमालक प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेले तत्त्वज्ञान मंदिर. साने गुरुजी अमळनेरला प्रथम आले ते इथे शिकायला. इथल्या अभ्यासकांपैकी जी. आर. मलकानी, आर. दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून १९३३ मध्ये 'अज्ञान' या नावाचा एक इंग्रजी ग्रंथ काढला. अद्वैत वेदान्तात या विषयावर फार जुना झगडा आहे : हे जे जग भासते, ते ज्या अज्ञानामुळे भासते, ते अज्ञान राहते कोणापाशी? जीवापाशी, असे भामती-प्रस्थान म्हणते. ब्रह्मापाशीच, असे विवरण-प्रस्थान म्हणते. अज्ञानाचा 'आश्रय' कोणता, असा तो शास्त्रीय प्रश्न. मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. पण कोणी मला तो साध्या मराठीत मांडायला सांगितला, तर मी म्हणेन : कंदील कोणाच्या हाती?

आपल्या भाषेने हा प्रश्न शब्दांतच सोडवून ठेवला आहे, असे मला कधीकधी वाटते. मृगजळ घ्या. चैत्र-वैशाखात धुळ्याहून जळगावकडे निघालात की पारोळ्याच्या अलीकडे-पलीकडे रस्त्यावर पाणी साचलेले दिसते, गाडी जवळ गेली की पुढे सरकते. तापलेल्या डांबरावरची हवा वरच्या हवेपेक्षा विरळ, म्हणून आकाशाचा उजेड वाकून वर येतो आणि आकाशच जमिनीवर पाण्यासारखे दिसते. तिथे फसवणारा कोणी नाही. गंधर्वनगराचेही तसेच, वराहमिहिराने बृहत्संहितेत आकाशात दिसणाऱ्या या नगरांवर एक अख्खा अध्याय लिहिला, त्यावरून शकुनही सांगितले. त्यालाही मालक नाही. स्वप्नाचा मालक आपणच. पण गारूड म्हटले की गारुडी आला, इंद्रजाल म्हटले की ऐंद्रजालिक आला, शांबरी म्हटले की शांबरिक आला. मराठी माणूस 'भ्रम' हा एकच गुळगुळीत शब्द या सगळ्यांना वापरू लागला की हा भेद पुसला जातो, आणि मग गारुड्याच्या खेळाला मृगजळ समजून माणूस दोष उन्हाला देतो.

हे शब्दच्छल नव्हे. बँकेत असताना मी याची किंमत रुपयांत पाहिली आहे. १९९० च्या दशकात सागवान लागवडीच्या योजनांचे पीक आले होते. आज इतके हजार भरा, अमुक वर्षांनी झाड तुमचे, झाडाचे लाख तुमचे. धुळे जिल्ह्यातल्या शाखेत एक निवृत्त शिक्षक मुदतठेव मोडायला आले. हातात गुळगुळीत कागदाचे पत्रक. पहिल्या पानावर रोप, दुसऱ्यावर कमरेइतके झाड, तिसऱ्यावर उंच सरळ सागाची राई, चौथ्यावर बंगला आणि दारात मोटार. पाने उलटत गेले की रोपाचा बंगला होई. अगदी काचा बदलाव्यात तसा. मी त्यांना विचारले, "गुरुजी, ही जमीन कोणत्या गटातली?" ते म्हणाले, "साहेब, फोटोच छापलाय ना त्यांनी." पत्रक मी दोन्ही बाजूंनी पाहिले. त्यातली झाडे कोणाच्या शेतातली, गाव कोणते, सातबारा कोणाच्या नावावर, यांपैकी एक अक्षर त्यात नव्हते. मी जे सांगायचे ते सांगितले. त्यांनी अर्धी ठेव मोडली, अर्धी ठेवली, आणि मला दुखवायला नको म्हणून चहा घेऊन गेले. १९९९ मध्ये 'सेबी'ने अशा सामूहिक गुंतवणुकीच्या योजनांसाठी नियमावली केली, त्यानंतर त्यांतल्या पुष्कळांचे पडदे खाली आले. गुरुजींचे पैसे आले नाहीत. त्यांचे नशीबच फुटके, असे गावात सगळे म्हणत. म्हणजे पुन्हा मृगजळच.

आता तर चित्र काढायला कोणी काच रंगवावी लागत नाही. मोबाइलवर दर सकाळी अशी दृश्ये येतात की ती कधी घडलीच नाहीत. ज्याने जे भाषण केले नाही ते तो करताना दिसतो, आवाजही त्याचाच. संगणक ते क्षणात रचून देतो. यांना नाव काय द्यावे, यावर भाषातज्ज्ञ विचार करतीलच. माझे मत विचाराल तर 'आभासी' हा शब्द मला अपुरा वाटतो. तो पुन्हा मालक नसलेला शब्द आहे. 'शांबरिक चित्र' म्हणून पाहा. जड आहे; पण ऐकणारा निदान 'शांबरिक म्हणजे कोण?' असे तरी विचारील.

युक्ती लपवावीच लागते, तिच्याशिवाय मजा नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) हे त्याला उत्तर आहे. मुंबईत जन्मलेला हा पारशी माणूस चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळच्या घरात जवळजवळ अर्धे शतक स्वतःला कोंडून घेऊन राहिला. त्यामागची प्रेमकहाणी वाचकांनी ऐकली असेल. इथे तिचे काम नाही. चित्रे, शिल्पे, सतार सगळे त्यांनी केले, पण त्यांचे नाव झाले ते 'टेबल-टॉप' छायाचित्रणाने. टेबलावर बोटभर वस्तू मांडायच्या, उजेड असा पाडायचा आणि कॅमेरा अशा कोनात धरायचा की छायाचित्रात त्या जागी अख्खा मुलूख उभा राहावा. उंबरठा न ओलांडणारा माणूस टेबलावरच देशोदेशी हिंडत होता. पाहणारा पुरता फसतो. पण या प्रकाराच्या नावातच टेबल आहे. पटवर्धनांनी नावात कंदील ठेवला होता, तसे.

चाळीसगावला त्यांच्या घरी त्यांचा संग्रह जपलेला आहे. एखाद्या छायाचित्रापुढे उभे राहा. आधी देखावा दिसतो, मग डोळे हळूहळू टेबलाची कड शोधू लागतात. ती सापडली तरी देखावा जात नाही.